जमीन सरळ करण्यापूर्वी

सासूबाई चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येतात आणि दारापाशी वर आलेल्या फरशीच्या कडेला त्यांचा पाय अडखळतो. कप फुटतो. सासूबाई भिंत धरून कशाबशा सावरतात.

‘‘आई, लागलं का हो कुठं?’’ सून धावत येते.

‘‘आज नाही लागलं गं. पण एक दिवस लागणार आहे.’’

त्याच रात्री ठरते, की येत्या रविवारी दिवाणखान्याची जमीन घरच्या घरीच सरळ करायची. मुलगा कागदावर चार पिशव्या मसाल्याचा हिशोबही मांडतो.

बंगळूरमधील के. आर. पुरम म्हणजे कृष्णराजपुरमसारख्या वस्तीत असा प्रसंग कोणत्याही मराठी कुटुंबावर येऊ शकतो. जुन्या मद्रास रोडवरचे हे गाव २००७ मध्ये महानगरपालिकेत सामील झाले आणि २०२३ मध्ये येथे मेट्रोही आली. मात्र तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर बांधलेली जुनी घरे आजही येथे आहेत. कुठे लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन, कुठे मोझेक, तर कुठे त्यावरच बसवलेल्या नव्या टाइल्स. अशा घरात थोडीफार दुरुस्ती स्वतः केल्यास पैसे वाचतात आणि समाधानही मिळते. पण जमीन कशामुळे वरखाली झाली, हे न शोधता तिच्यावर थर ओतला, तर पैसे आणि श्रम दोन्ही वाया जातात.

आधी मोजमाप

डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पारदर्शक प्लास्टिकची सुमारे दहा मीटर लांब नळी घ्यावी. ती पाण्याने भरावी व आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये. नळीची दोन टोके दोघांनी दोन भिंतींना धरावीत. दोन्ही टोकांतील पाणी स्थिर झाले, की त्याची पातळी एकच असते. तेथे पेन्सिलीने खुणा कराव्यात. अशा प्रकारे जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर खोलीच्या चारही भिंतींवर एक रेषा आखावी आणि समोरासमोरच्या खुणांमध्ये दोरी ताणावी. मग दर दोन फुटांवर रेषेपासून किंवा दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून तो आकडा खडूने जमिनीवरच लिहावा. जेथे आकडा लहान, तेथे उंचवटा. जेथे मोठा, तेथे खड्डा.

छोट्या कामाला पाणसळ पुरते. के. आर. पुरमच्या हार्डवेअरच्या दुकानात ती ‘रसमट्ट’ या कन्नड नावाने मागितली, तर दुकानदाराला पटकन कळेल. दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली तीन-चार मिलिमीटरची फट दिसली, तर ती राहत्या घरात सहसा चालून जाते.

पट्टी फिरवून झाल्यावर लाकडी मुठीने प्रत्येक टाइल हलकेच ठोकावी. भरीव आवाज आला तर टाइल पक्की आहे. पोकळ आवाज आला तर ती खालच्या थरापासून सुटली आहे. सुटलेल्या टाइलवर कितीही चांगला थर दिला, तरी तो टिकत नाही.

कारण कोणते?

तळमजल्याची जमीन बहुधा जोत्यातील भरावावर असते. मुरूम किंवा माती धुम्मसने नीट चोपली नसेल, तर वर्षानुवर्षे ती खचत राहते. नळ किंवा सांडपाण्याचा पाइप गळत असेल, तर भराव धुपतो आणि त्या जागी बशीसारखा खड्डा पडतो. घुशींची बिळे, झाडांची मुळे यांचाही त्रास होतो. टाइल्समध्ये सांधा न ठेवता त्या एकमेकींना घट्ट भिडवल्या असतील, तर उन्हाळ्यात प्रसरण पावून त्या मधूनच वर उचलल्या जातात.

भेग असल्यास तिच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करून तारीख लिहावी आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. भेग खुणेच्या पुढे सरकली, तर जमीन अजून हलते आहे असे समजावे. तेथे पिशवी आणण्याऐवजी जाणकार इंजिनिअरला बोलवावे.

वरच्या मजल्यावर तर अधिकच काळजी घ्यावी. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सिमेंट-वाळूचा दोन इंची थर टाकला, तर स्लॅबवर अकराशे किलोंच्या आसपास कायमचा भार पडतो. भाड्याचे घर असल्यास मालकाची परवानगी आधी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

घरी काय करता येईल?

जमीन भक्कम आणि कोरडी असेल, तर आपोआप पसरणारे सेल्फ-लेव्हलिंग मिश्रण एका खोलीपुरते घरी वापरता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीसाठी साधारण दीड ते पावणेदोन किलो मिश्रण लागते. आधी जमीन झाडून, तेलकटपणा काढून प्रायमर लावावा. दाराच्या फटी पट्टीने बंद कराव्यात, नाहीतर मिश्रण शेजारच्या खोलीत वाहत जाईल. पिशवीवर लिहिले असेल तेवढेच पाणी घालावे. जास्त पाण्याने थर कमकुवत होतो. कालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच ओतावे लागते, म्हणून किमान दोघे तरी हवेत. जमीन उंचावली, की दार खाली घासते. ते आधीच तपासावे.

साध्या सिमेंट-वाळूचा थर मात्र इंचभर जाडीपेक्षा पातळ देऊ नये, तो तडकतो. त्याला सात दिवस ओलावाही हवा. मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने बांधकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवला होता. तेव्हा ओली पोती अंथरून त्यांवर प्लास्टिक झाकावे. थोड्या पाण्यात काम होते.

न्हाणीघर आणि मोरी कधीही सपाट करू नये. तेथे पाणी वाहून जाण्यासाठी दर मीटरला दहा ते पंधरा मिलिमीटर उतार लागतोच. टाइल फोडताना चष्मा, मास्क व हातमोजे घालावेत. ओल्या सिमेंटने कातडी भाजते आणि बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. जमिनीखालून वीज किंवा गॅसची लाइन गेली असेल, तर छिन्नी मारूच नये.

रविवारी काय झाले?

आपल्या गोष्टीतील घरात रविवारी मुलाने नळीचे एक टोक धरले आणि दुसरे सुनेने. सासूबाई खुर्चीवर बसून आकडे लिहून घेत होत्या. दिवाणखान्यात जेमतेम चार मिलिमीटरचा फरक निघाला. स्वयंपाकघराच्या दारातील दोन टाइल्स मात्र पोकळ वाजल्या. त्या उचलल्या तर खाली ओल! सिंकचा पाइप गळत होता.

प्लंबरने पाइप बदलला. जागा वाळायला पंधरा दिवस दिले. तोवर दारात जास्त प्रकाशाचा दिवा लावला आणि सरकणारे पायपुसणे काढून टाकले. मग जुना मसाला खरवडून टाइल-ॲडहेसिव्हने दोन टाइल्स बसवल्या, शेजारच्या टाइल्सवर पट्टी ठेवून पातळी पाहिली, चोवीस तास पाय ठेवू दिला नाही आणि दुसऱ्या दिवशी सांधे भरले. चार पिशव्यांचा खर्च टळला.

दिवाणखान्यात चार मिलिमीटरचा फरक अजून आहे. तो कोणाच्या पायाला जाणवत नाही. दारातून चहाचा कप आता नीट बाहेर येतो आणि सासूबाई दरवेळी त्या दोन टाइल्सवर अंगठा दाबून पाहतात.