साखर, रोजा आणि आमचे अब्बा

रमजान जवळ आला की आमच्या पांढरकवड्यात शुगरवाल्या घरांमधून एक ठरलेला संवाद होतो. डॉक्टर म्हणतात, "रोजे ठेवू नका." पेशंट मान हलवतो, घरी येतो आणि रोजे ठेवतो. मग महिनाभर डॉक्टरांना तोंड दाखवत नाही. गोळ्यांचं काय करायचं ते ठरवतात शेजारचे मामू, ज्यांना स्वतःला फक्त बीपी आहे!

माझं स्पष्ट मत आहे की नुसतं "नका ठेवू" हा सल्लाच नव्हे. 2001 साली 13 देशांतल्या 12 हजारांहून जास्त मधुमेहींची पाहणी झाली होती, एपिडायर नावाची. टाइप 2 वाल्यांपैकी जवळपास 80 टक्के लोकांनी निदान 15 रोजे ठेवले होते. आणि साखर फार उतरून दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण सात-साडेसात पट झालं होतं. म्हणजे लोक ठेवणारच. मग कोणी ठेवायचे, कसे ठेवायचे, हे महिना-दीड महिना आधी डॉक्टरांसमोर बसून ठरवायला नको का?

कारण खरी गोम गोळ्यांत आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराईड मात्र पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन बाहेर काढतच राहते. सकाळची ही गोळी सवयीने सहरीला घेतली की दुपारनंतर साखर घसरते. म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा ती इफ्तारकडे सरकवतात किंवा सहरीचा डोस कमी करतात. (हे वाचून आपल्या मनाने गोळ्या बदलू नका हं, हैदराबादच्या खाला, तुम्हालाच म्हणतेय.) किडनी बिघडलेली असेल, नुकतीच साखर उतरून शुद्ध हरपली असेल, तर मात्र रोजा नकोच.

दुसरी अडचण घरातलीच. बोटाला टोचलं की रोजा तुटतो ही समजूत. नाही तुटत. मधुमेहतज्ज्ञांच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतही हे लिहिलेलं आहे. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली, तर त्याच क्षणी रोजा सोडायचा.

"त्याच क्षणी" लिहायला सोपं आहे. 2025 च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी पाच वाजता अब्बांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. मीटरवर 64. इफ्तारला दीड तास बाकी. अब्बा म्हणाले, "इतका वेळ काढला, आता एवढ्यासाठी?" अम्मीने काही न बोलता साखरेचं पाणी पुढे धरलं. ते प्यायले, पण रात्री तरावीहला गेले नाहीत. लाज वाटली म्हणे! मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत स्पष्ट दिलेली आहे, राहिलेले रोजे नंतर पुरे करता येतात, ज्यांना कधीच जमणार नाही त्यांच्यासाठी फिदया आहे. अल्लाहने दिलेली सूट घ्यायला मोहल्ल्याची परवानगी कशाला हवी?

आणि हा प्रकार फक्त आमच्यातच आहे असं नाही. शेजारच्या काकू चतुर्थीला साबुदाण्याची उसळ खाऊन साखर कुठल्या कुठे नेतात! आमच्याकडे तेच काम इफ्तारची भजी आणि रूहअफजा करतं. एक-दोन खजूर, भरपूर पाणी आणि उशिरात उशिरा केलेली सहरी, त्यात ज्वारीची भाकर आणि डाळ, एवढ्यानेही बराच फरक पडतो. 2018 सालचे मे-जूनमधले रोजे आठवा, विदर्भातलं ते ऊन! रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे सध्या उन्हापासून थोडी सुटका आहे.

असो. आमच्या फ्रीजच्या दारावर आता 70 आणि 300 हे दोन आकडे चिकटवलेत. अम्मीच्या अक्षरात. माझ्या अक्षराला अब्बा जुमानत नाहीत.