नकार देणाऱ्या हाताचे काय?

इच्छामरणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे बोलतात. एक म्हणतात, मजहबची मनाई आहे, विषय संपला. दुसरे म्हणतात, हक्क रुग्णाचा, दवाखान्याने मुकाट्याने बजावावा. नळी काढणारा हात कुणाचा, हे दोघेही विचारत नाहीत. आम्हाला विचारावे लागते. नांदेड-लातूरच्या उर्दू शाळांतून निघालेल्या आमच्या मुली आता नर्सिंगला जाताहेत.

अरुणा शानबाग आठवा. मुंबईच्या केईएममधली ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर आपल्याच रुग्णालयात अचेत पडून राहिली. तिला अन्न देणे थांबवावे, असा अर्ज पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. परिचारिकांनी साफ विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्या परिचारिका कुणाच्या फतव्यासाठी थांबल्या नव्हत्या. जमीर ही काही आमची एकट्यांची मिरास नाही!

आणि नकार देऊन त्या घरी गेल्या नाहीत. १८ मे २०१५ ला अरुणा गेली, तोवर भरवणे, पुसणे, कूस बदलणे चालूच होते. इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही. असा नकार आम्हाला मान्य आहे. धर्माचे नाव सांगून रुग्णाकडे पाठ फिरवणे मान्य नाही. कॅनडातल्या ओंटारिओत २०१९ साली न्यायालयाने म्हटले, डॉक्टरला स्वतः करायचे नसेल तर त्याने रुग्णाला दुसऱ्याकडे पाठवावे. आमच्यातल्या काहींना हेही गुनाह वाटेल. आम्हाला वाटत नाही. पत्ता सांगणे आणि सुई टोचणे एक नव्हे.

आपल्या देशात सुई टोचून मरण देणे आजही गुन्हाच आहे. पण निरर्थक उपचार थांबवण्याची वाट २०१८ च्या निकालाने रुंद केली, २०२३ मध्ये तिच्यातल्या अटी सैल झाल्या. अनेक उलेमाही असे उपचार थांबवण्यास हरकत घेत नाहीत. तरी एखादीचा हात धजणार नाही. तिने नाही म्हटले तर तिच्या जागी कोण? मोठ्या शहरात दुसरी नर्स सापडेल. आमच्याकडे? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात. तेव्हा औषधे आणि माणसे कमी असल्याची चर्चा राज्यभर झाली. जिथे रात्रपाळीला सगळा वॉर्ड एकीच्या गळ्यात, तिथे जमिराचे स्वातंत्र्य कागदावरच राहणार. म्हणून आमची मागणी साधी आहे: नकार लेखी घ्या, त्यावरून मेमो किंवा बदली नको, आणि आधी रिकाम्या जागा भरा.