आठवण शिवावी लागते

‘आठवणी जपल्या पाहिजेत’ असे आपल्या घरांत नेहमी म्हटले जाते. पण जपायच्या म्हणजे नेमके काय करायचे? ईदच्या दिवशी सगळे जमले की दोन उसासे टाकायचे आणि दस्तरखान आवरला की विसरायचे? या महिन्यात आम्ही अशा एका कलावंत बाईंविषयी लिहीत आहोत, ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या कामातून दिले आहे.

एमिली जासिर या पॅलेस्टिनी कलावंत. घराणे बेथलेहेमचे, ख्रिस्ती. बालपण सौदी अरेबियात गेले, पुढचे काही शिक्षण रोमला झाले. प्रायोगिक चित्रफीत, छायाचित्र आणि मांडणशिल्प ही त्यांची माध्यमे. मांडणशिल्प हा शब्द काहींना नवा वाटेल. चित्र भिंतीवर असते, आपण समोर उभे राहून पाहतो. मांडणशिल्पात वस्तू, आवाज, पडद्यावरची दृश्ये अशी मांडलेली असतात की पाहणाऱ्याला त्यांच्या मधून, भोवतीने फिरता येते.

२००१ मध्ये त्यांनी एक तंबू घेतला, निर्वासितांच्या छावणीत असतो तसा. १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. तेव्हा उद्ध्वस्त झालेल्या, ओस पडलेल्या ४१८ गावांची नोंद इतिहासकार वलीद खालिदी यांनी आपल्या ग्रंथात केली आहे. जासिर यांनी ती नावे तंबूच्या कापडावर पेन्सिलीने काढली आणि काळ्या दोऱ्याने शिवायला घेतली. न्यूयॉर्कमधल्या आपल्या कार्यशाळेचे दार त्यांनी सर्वांसाठी उघडे ठेवले. वकील, बँकेतले नोकरदार, दंतवैद्य, वादक, शिक्षक अशी शंभराहून अधिक माणसे येऊन सुईदोरा घेऊन बसली. कुणाचे घराणे त्यांतल्याच एखाद्या गावचे होते. त्या गावांच्या अवशेषांवर लहानाचे मोठे झालेले काही इस्रायलीही आले. मुदत संपली तेव्हा काही नावे पेन्सिलीतच राहिली होती. ती तशीच ठेवली गेली. राहिलेले काम कुणाचे, हा प्रश्न ती नावे पाहणाऱ्याला विचारतात.

उर्दूत ‘याद करना’ म्हणजे आठवणे आणि पाठ करणेही. वर्गात आम्ही ‘सबक याद करो’ म्हणतो तेव्हा मुलांकडून मेहनतच मागत असतो. ‘जिक्र’ या शब्दातही स्मरण आणि उल्लेख दोन्ही आहेत. तंबूवर एकेक नाव अक्षराअक्षराने शिवणाऱ्यांनी हे दोन्ही केले.

पुढच्या कामात जासिर यांनी देशोदेशीच्या आणि मायभूमीतच अडकून पडलेल्या पॅलेस्टिनींना एकच प्रश्न विचारला : पॅलेस्टाइनमध्ये तुमच्यासाठी मी काही करू शकले, तर काय करू? त्यांच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट होता. इतरांना बंद असलेले रस्ते त्यांना त्या वेळी खुले होते. उत्तरे साधी आली. माझ्या आईवडिलांच्या गावचे पाणी पी. हैफाच्या रस्त्यावर जो पहिला पॅलेस्टिनी मुलगा दिसेल, त्याच्याशी फुटबॉल खेळ. बेथलेहेमच्या एका माणसाने सांगितले, जेरुसलेममध्ये माझ्या आईची कबर आहे. तिच्या वाढदिवशी तिथे फुले ठेव आणि प्रार्थना कर. बेथलेहेम ते जेरुसलेम हे अंतर दहा किलोमीटरही नाही. जासिर गेल्या, सांगितलेले केले, छायाचित्रे काढली. मागणी आणि छायाचित्र शेजारी शेजारी टांगले, एवढेच ते प्रदर्शन.

२००२ मध्ये त्या बिरझेइत विद्यापीठात शिकवत होत्या. सुर्दाची तपासणी चौकी पायी ओलांडून कामावर जावे लागे. चालताना पावलांचे चित्रण करत असताना सैनिकांनी त्यांना अडवले, फीत काढून घेतली आणि पावसात तीन तास थांबवून ठेवले. त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या पिशवीला भोक पाडले, आत कॅमेरा ठेवला आणि पुढचे आठ दिवस तो रस्ता टिपला. त्या चित्रफितीत गोष्ट अशी नाहीच. चिखल, माणसांचे पाय आणि कामावर जाणे-येणे, बस.

कुणी विचारील, याने काय झाले? तंबू शिवून एकही गाव परत उभे राहिलेले नाही. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या नावाचा कुणी उच्चारही करत नाही, त्या गावावर हक्क तरी कोण सांगणार?

आपल्या घरांची त्या घरांशी तुलना करणे बरोबर नाही. मात्र विसरण्यासाठी आपल्याला कुणाच्या बंदुकीचीही गरज पडत नाही. कोकणातले घर कुलूपबंद होते, मुले मुंबईला किंवा आखातात जातात आणि नानीची बोली तिच्याबरोबरच कबरस्तानात जाते. जुन्या किताबांच्या कोऱ्या पानावर दादांनी मुलांच्या जन्मतारखा उर्दूत लिहिलेल्या असतात. ती उर्दू वाचणारे घरात कुणी उरत नाही, म्हणून एक दिवस किताबांचे गाठोडे मशिदीत नेऊन ठेवले जाते.

जासिर यांचे आणखी एक काम इथे सांगण्यासारखे आहे. १९४८ मध्ये पॅलेस्टिनी घरांतून आणि ग्रंथालयांतून सुमारे तीस हजार पुस्तके नेली गेली. त्यांतली काही जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तिथे पुन्हा पुन्हा जाऊन जासिर यांनी मोबाइलवर त्यांची छायाचित्रे घेतली : मालकाची सही, समासातली टिपणे, पानांवरचे डाग. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरी ती मांडली गेली.

मोबाइल तर आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. गाठोडे बांधण्याआधी किताबांची पहिली पाने उघडून पाहा, त्यांचे फोटो घ्या आणि उर्दू जाणणाऱ्या कुणाकडून ती वाचून घ्या. दादी-नानी हयात असतील तर त्यांना तोच प्रश्न विचारा : तुमच्या गावी जाऊन तुमच्यासाठी काय करू? त्या जे सांगतील ते लिहून ठेवा. मग सवड काढून त्या गावी जा आणि ते करून या.