दर्शनी खिडकी नव्हे, ग्रंथसूची

संकेतस्थळावरचे पुस्तकांचे दुकान आकर्षक कशाने होते, या प्रश्नाला हल्ली ठरावीक उत्तर मिळते : सरकती चित्रे, सवलतींचे ठळक आकडे आणि 'सर्वाधिक खपाची' यादी. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ही कापडदुकानाच्या दर्शनी खिडकीची नक्कल झाली. ग्रंथाचा वाचक शोध घेत येतो. त्याला हवे ते सापडणे, हेच अशा दुकानाचे सौंदर्य.

आमच्या सोलापूरचेच उदाहरण घेऊ. 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचे लेखक कुठे 'त्र्यं. वि. सरदेशमुख' असतात, कुठे 'त्र्यंबक विनायक'. कोणी टिंबानंतर जागा सोडतो, कोणी सोडत नाही. वाचकाला हे एकच नाव, यंत्राला मात्र तीन-चार. 'कादंबऱ्या' हा साधा शब्दही युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. त्यांत भर १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या शीर्षकांतील अनुस्वारांची. ही सारी रूपे एकमेकांशी जोडलेली नसतील, तर पुस्तक साठ्यात असूनही 'आढळले नाही' हेच उत्तर येणार.

सापडल्यावर तरी काय दिसते? मुखपृष्ठ आणि किंमत! आवृत्ती कोणती, प्रथम प्रकाशन कधीचे, संपादक कोण, अनुक्रमणिका काय, हे अभ्यासकाचे प्रश्न अनुत्तरितच राहतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू नांदणाऱ्या या शहरातील वाचकाला भैरप्पांचे 'पर्व' मराठीत उमा कुलकर्णी यांनी आणले, हे पुस्तकाच्या पानावर दिसायलाच हवे. अनुवादकाचे नाव वगळणे ही जागेची काटकसर नव्हे. तो वाङ्मयीन अन्याय आहे.

यावर लहान प्रकाशकांच्या तुटपुंज्या भांडवलाची सबब सांगितली जाते. ती टिकत नाही. शं. ग. दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली, तेव्हा संगणक नव्हता. वाचकाचा वेळ वाचवावा, हे सूत्र रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडले होते. सरकत्या चित्रांवर होणारा खर्च नोंदी नेटक्या करण्यासाठी वळवला, तरी पुष्कळ साधेल. जे पुस्तक संपले आहे, ते संपले असे लिहायला तर पैसाही लागत नाही. त्यासाठी फक्त प्रामाणिकपणा लागतो.

करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या विद्यार्थ्याला पुण्याची वारी न करता नेमकी आवृत्ती ओळखता आणि मागवता आली, तरच ते संकेतस्थळ सुंदर. एरवी ती नुसती रोषणाई. मराठीच्या प्राध्यापकांनी आणि ग्रंथपालांनी आता सवलत मागण्याऐवजी सूची मागावी.