बसलेला गडीही खेळात असतो

गुन्हा कबूल करूनच सुरुवात करते. मी गणिताची बाई. सहावी ते आठवी हे माझे वर्ग. इतक्या वर्षांत मी पी.टी.चे किती तास खाल्ले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. आणि गणिताच्या बाईने हिशेब ठेवला नाही म्हणजे तो ठेवण्यासारखा नव्हता, हे उघड आहे. सहामाही तोंडावर आलेली, अपूर्णांक अर्धवट राहिलेले आणि वेळापत्रकात शेवटून दुसरा तास खेळाचा. मी वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून दबका आवाज यायचा, ‘‘बाई, आज पी.टी. आहे ना?’’ मी खडू उचलायचे आणि तो आवाज बंद व्हायचा. पस्तीस-चाळीस मुलं निमूटपणे वह्या उघडायची. आपण त्यांचं भलंच करतो आहोत, असं मला वाटायचं.

आता तसं वाटत नाही. पण ज्या मताने मी इतकी वर्षं वागले, ते आधी नीट मांडलं पाहिजे. ते कामचुकारांचं मत नाही. स्टाफरूममधले मन लावून शिकवणारे शिक्षकच ते जास्त हिरिरीने मांडतात आणि पालकसभेत तर ते हमखास ऐकू येतं: ‘‘बाई, खेळाचं जरा कमी करा, पोरगं आठवीला गेलंय.’’

हा पूर्वपक्ष चार पायांवर उभा आहे. एक, पोर्शन पुरा होत नाही, मग खेळायला वेळ कुठला? दोन, मुलं मैदानावरून घामेजून, दमून येतात आणि पुढचे तास वाया जातात. तीन, खेळाच्या तासात शिकवतात तरी काय? एक बॉल टाकला की झालं. चार, ज्याला खेळाचा कल आहे त्याने खुशाल खेळावं, सगळ्या वर्गाला कशाला पळवायचं?

पहिला पाय माझ्या विषयाचा आहे, म्हणून तो मीच मोजते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि अध्यापनाचे १००० तास ठरवले आहेत. २२० दिवस म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याने सुमारे ३७ आठवडे. आठवड्याला पी.टी.च्या दोन तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या, असं धरू. वर्षाच्या झाल्या ७४ तासिका, म्हणजे साधारण ४३ तास. हजारातले ४३! हे सगळेच्या सगळे गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तिघांनी वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या पदरात चौदा तास पडतात. ज्या मुलाला वर्षभरात अपूर्णांकांची बेरीज जमली नाही, त्याला ती या चोरलेल्या चौदा तासांत जमेल, असं मानायला कसलाही आधार नाही. मी वर्षानुवर्षं ते तास चोरले आणि अपूर्णांक न जमणारी मुलं दर वर्षी तेवढीच राहिली.

मग पोर्शन अडतो कुठे? सर्वेक्षणं, ऑनलाइन भरायची माहिती, निवडणुकीची कामं, अमुक दिन आणि तमुक सप्ताह यांचे अहवाल आणि त्या अहवालांचे फोटो. शिक्षकाचा वेळ तिथे जातो. पण तिथे भांडायची आमची प्राज्ञा नसते. म्हणून वेळापत्रकातल्या सगळ्यांत गरीब तासावर आम्ही हात टाकतो. त्या तासाला पेपर नसतो, निकाल नसतो आणि पुष्कळ शाळांत त्याच्या बाजूने बोलणारा शिक्षकही नसतो.

दुसरा पाय दमण्याचा. खेळाने अभ्यास बुडतो, हे विधान तपासता येतं आणि ते तपासलं गेलेलं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली शाळेतली शारीरिक हालचाल आणि अभ्यासातली कामगिरी यांच्या संबंधावरच्या ५० अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे २५१ संबंध तपासले होते. निम्म्याहून किंचित जास्त अनुकूल निघाले, ४८ टक्क्यांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही आणि प्रतिकूल निघाले फक्त दीड टक्का. म्हणजे खेळाला वेळ दिल्याने गुण घसरतात ही भीती जवळजवळ निराधार आहे. राहता राहिला घाम. मैदानाशेजारी दोन नळ आणि तास सुटल्यावर पाच मिनिटं, एवढाच त्याचा उपाय आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी मान्य करते. बऱ्याच शाळांत खेळाच्या तासाला काहीच शिकवलं जात नाही. बॉल एक, मुलं चाळीस. त्यातली दहा दांडगी मुलं खेळतात, दहा त्यांच्यामागे पळतात आणि उरलेली भिंतीच्या सावलीत बसतात. शारीरिक शिक्षणाचं मूल्यमापन फक्त आकारिक असतं, त्याची लेखी परीक्षा नसते. मूल वर्षभर कसं खेळलं, कुठे पुढे गेलं, हे शिक्षकाने पाहून नोंदवावं, ही त्यामागची कल्पना चांगलीच आहे. प्रत्यक्षात त्या नोंदी वर्षअखेरीला एका बैठकीत भरलेल्या मी पाहिल्या आहेत. ‘खेळात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य वरपासून खालपर्यंत, अगदी सहा महिने गैरहजर असलेल्या मुलापुढेसुद्धा!

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? गणित वाईट शिकवलं जातं म्हणून गणिताचा तास बंद करा, असं कुणी म्हणत नाही. शिक्षक चांगला द्या, असं म्हणतात. खेळाला हा न्याय का नको? कायदा इथेही मुका नाही. सहावी ते आठवीचा पट शंभराहून जास्त असेल, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, हे त्याच अनुसूचीत लिहिलेलं आहे. शाळेला मैदान असावं आणि प्रत्येक वर्गाला लागेल तसं खेळाचं साहित्य मिळावं, हेही तिथेच आहे. हजार तासांचा नियम ज्या पानांवर आहे त्याच पानांवर मैदान आहे. एक नियम पाळायचा आणि दुसऱ्यावर बोट ठेवून पान उलटायचं, हे कसं चालेल?

चौथा पाय कलाचा. ‘कल असेल त्याने खेळावं’ हे ऐकायला उदार वाटतं. पण मराठीचा कल असेल त्याने मराठी शिकावं, असं आपण म्हणतो का? अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा कल आपल्याला कसा कळणार? ज्याला कधी गोळा हातात दिला नाही, ज्याला लांब उडीच्या खड्ड्याजवळ कुणी नेलं नाही, त्याला कल नाही हे ठरवलं कुणी? आणि समजा, खरोखर नसला कल. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या प्रत्येक मुलाला रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं सांगते. कल असलेल्यांनाच ती हवी, असं तिने कुठे म्हटलेलं नाही. आपल्या दोन तासिका म्हणजे आठवड्याला सत्तर मिनिटं. एका दिवसाची गरज आपण आठवडाभर पुरवून वापरतो आणि तीही काढून घेतो.

इथवर विरोधकांचं झालं. आता खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही समाचार घेतला पाहिजे, कारण या तासाचं निम्मं नुकसान त्यांनी केलं आहे.

त्यांचा लाडका युक्तिवाद पदकांचा. १५ जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जयंतीला, भाषणं होतात. गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२ साली हेलसिंकीत कांस्य पदक मिळवलं आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पहिल्यांदा दाखवलं. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्य मिळवलं. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. अभिमान वाटावा अशाच या गोष्टी आहेत. पण सातवी ‘ब’मधल्या त्या जाडसर, चष्मा लावणाऱ्या, पळताना हसू होणाऱ्या मुलाला त्यांचा उपयोग काय? पदकाचं कारण पुढे केलं की त्याचा तास आपोआप रद्द होतो. शाळा चौदा वर्षांखालच्या तालुका स्पर्धेसाठी बारा जणांचा संघ निवडते, मैदान त्या बाराजणांचं होतं आणि बाकीचा वर्ग टाळ्या वाजवायला बसतो. हा खेळाचा तास नव्हे, ही निवड चाचणी झाली.

त्यांचा दुसरा युक्तिवाद गुणांचा: खेळा म्हणजे एकाग्रता वाढेल, एकाग्रता वाढली की टक्के वाढतील. वर सांगितलेल्या आढाव्यातून ‘बुडत नाही’ एवढं ठामपणे म्हणता येतं. ‘हमखास वाढतात’ असं त्यातून निघत नाही. आणि का निघावं? खेळाला गणिताची मोलकरीण केलं की जिथे गुण वाढणार नाहीत तिथे तिला घरी पाठवायला आपण मोकळे.

मग माझं म्हणणं काय? खेळाचा तास हा वर्गातल्या प्रत्येक मुलाचा शिकण्याचा तास आहे आणि तो सर्वांत जास्त त्याचा आहे, ज्याला खेळ येत नाही. वाचता न येणाऱ्याला आपण वाचनाच्या तासातून उठवत नाही. उलट पुढच्या बाकावर आणून बसवतो.

या तासात काय शिकता येतं, ते खो-खोने दाखवून देते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधायला घेतले. दोन खांब सोडले तर त्याला साहित्य लागत नाही, म्हणून गरिबातल्या गरीब शाळेलाही तो परवडतो. पारंपरिक नियमांत आठ गडी ओळीने बसतात, एक आड एक विरुद्ध बाजूंना तोंड करून. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा वाटेल तेव्हा बदलता येत नाही. पलीकडच्या बाजूला पळणारा गडी त्याच्या हाती लागणारच नसतो. मग तो बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणतो आणि त्याची जागा घेतो. कितीही चपळ असो, एकट्याच्या पायांवर हा डाव जिंकता येत नाही. आपलं काम कुठे संपलं आणि ते दुसऱ्याच्या हाती कधी द्यायचं, हे तो खेळ क्षणाक्षणाला विचारतो. नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात हे इतकं अंगात भिनतं? आणि बसलेले आठ जण? त्यांतला प्रत्येक जण कुठल्याही क्षणी उठायच्या तयारीत बसलेला असतो.

गेल्या वर्षी सातवीला पायथागोरसचा सिद्धांत शिकवायची वेळ आली, तेव्हा मी वर्ग मैदानावर नेला. मोठ्या गटाचं खो-खोचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. टेप, सुतळी आणि फक्की घेऊन मुलांनी ते आखलं. दिसायला झकास. मग मी कर्ण मोजायला सांगितले. दोन्ही सारखे, साधारण ३१.३८ मीटर यायला हवेत. आले तेव्हा दोघांत पाऊण मीटरचा फरक! मैदान चक्क तिरकं होतं. कुणी टेपला दोष दिला, कुणी टेप धरणाऱ्याला. शेवटी बारा मीटरच्या सुतळीला तीन आणि सात मीटरवर गाठी मारून आम्ही तीन-चार-पाचचा त्रिकोण ताणला, कोपरा काटकोनात आणला आणि फक्की पुन्हा टाकली. त्या दिवशी चाळीसही मुलं उभी होती. आखून झाल्यावर आम्ही त्याच मैदानावर खेळलो. त्यांचे गुण वाढले का? फारसे नाहीत. पण पायथागोरस कशाला शिकायचा, हा प्रश्न त्या वर्गाने मला पुन्हा विचारला नाही.

एक गोष्ट मुलींची. सहावीत धावणारी मुलगी सातवीत पायरीवर बसते आणि आठवीत मैदानावर दिसतच नाही. ‘‘बाई, पोटात दुखतंय,’’ एवढंच कारण आपण ऐकतो. कधी ते खरं असतं. कधी गणवेश अडचणीचा असतो, कधी स्वच्छतागृहाला कडी नसते, कधी मुलं हसतात. या मुलींना कल नाही, असं म्हणून आपण नोंदवही मिटतो. कडी बसवायला कल लागत नाही.

माझ्या सहकाऱ्यांकडे मागणं थोडं आहे. पी.टी.चा तास मागू नका आणि मागितला तर देऊ नका. गृहपाठ केला नाही म्हणून मुलाला मैदानावरून परत आणू नका. इंग्रजीचा तास काढून घेण्याची शिक्षा आपण कधी दिली आहे का? खेळाची नोंद त्याच आठवड्यात करा आणि ती न खेळणाऱ्या मुलापासून सुरू करा.

पालकांनी पुढच्या पालकसभेत टक्क्यांच्या आधी एक प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात वेळापत्रकातले खेळाचे किती तास झाले आणि त्यांतल्या किती तासांत माझं मूल उभं होतं? आमच्या वर्गाचं उत्तर मी वेळापत्रकाशेजारी लिहून लावते. या महिन्यात आठपैकी सात. गेलेला एक माझ्यामुळेच गेला.