गेलिक वारसा: शाळेतला आणि घरातला

सेंट पॅट्रिकच्या नावाने १७ मार्चला न्यूयॉर्क शहरात निघणारी मिरवणूक १७६२ पासून चालत आली आहे. म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याहूनही ती जुनी आहे. आपले मूळ आयरिश असल्याचे सांगणारे लोक अमेरिकेत तीन कोटींहून अधिक आहेत, आणि खुद्द आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर आहे. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असल्यास नातवाला त्या देशाचे नागरिकत्व मिळू शकते. त्यामुळे पूर्वजांची नावे शोधीत डब्लिनला येणाऱ्यांना तोटा नाही. त्यांची निराशाही ठरलेली, कारण १९२२ च्या यादवीत तेथील दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातील शिरगणतीचे बहुतेक कागद नष्ट झाले. तथापि, कागद जळाल्याने वारसा संपत नाही. तो कशाने संपतो, हा खरा प्रश्न आहे.

स्कॉटलंडचा अनुभव येथे उद्बोधक आहे. कलोडनच्या पराभवानंतर १७४६ मध्ये डोंगराळ भागातील लोकांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी आली. ती १७८२ मध्ये उठली, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने सगळ्या सोहळ्यालाच चौकटीच्या कापडाचा साज चढविला. प्रत्येक घराण्याचे वेगळे कापड ही कल्पना बरीचशी त्यानंतरची आहे. इतिहासकारांनी तिची यथेच्छ थट्टा केली असली, तरी दूरदेशी गेलेल्या कुटुंबाला हाताशी धरण्यासारखे काहीतरी लागते, हे त्यांनीही मान्य करावयास हवे. मात्र ज्या काळात हा पोशाख दरबारी झाला, त्याच काळात तो मुळात नेसणारी कुळे जमीनदारांच्या मेंढ्यांसाठी गावाबाहेर काढली जात होती!

आयर्लंडमध्ये भाषेचे तेच झाले. १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली; त्यांत आयरिश बोलणारा गरीब वर्ग मोठा होता. मुलाच्या गळ्यात काठी अडकवायची, आयरिश शब्द उच्चारला की तिच्यावर खाच पाडायची आणि खाचा मोजून शिक्षा द्यायची, असा प्रघात होता. दुःखाची गोष्ट ही की, आईबापांचीही त्याला संमती असे, कारण पोटाची भाषा इंग्रजी झाली होती. डग्लस हाइड प्रभृतींनी १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापून भाषेचा कैवार घेतला. ज्या देशाकडून आपण ‘होमरूल’ हा शब्द उचलला, त्या देशाला पुढे स्वराज्य मिळाले. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा केले, आणि शाळेत तर ती सक्तीचीच होती. फळ काय? २०२२ च्या शिरगणतीत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येत असल्याचे सांगितले; शाळेबाहेर ती रोज बोलणारे ७२ हजारही भरले नाहीत. भाषा अभ्यासक्रमात शिरली आणि स्वयंपाकघरातून गेली.

याउलट १८८४ मध्ये थर्ल्स येथे स्थापन झालेली गेलिक क्रीडासंस्था पाहावी. हर्लिंग हा काठीचा खेळ तिने गावोगावच्या मंडळांकडे सोपविला. खेळाडूंना आजही मानधन नाही, आणि तरीही मैदाने भरतात. कॅनडातील केप ब्रेटन बेटावर हुसकावलेल्या स्कॉटिश कुटुंबांनी व्हायोलिनची जुनी धाटणी घरच्या घरी जपली. ‘केली’ या तेथील संगीतबैठकीच्या नावाचा मूळ अर्थच शेजाऱ्याकडे जाऊन बसणे असा आहे.

स्कॉटलंडमध्ये गेलिकचे थोडेफार तरी ज्ञान असणाऱ्यांची संख्या २०२२ मध्ये १ लाख ३० हजारांवर गेली, म्हणून आनंद व्यक्त झाला. परंतु पश्चिमेकडील ज्या बेटांवर ती घरची भाषा होती, तेथे ती बोलणारे निम्म्याहून कमी झाले, हे त्या आनंदात झाकले गेले. २०२५ मध्ये तेथील संसदेने गेलिकला अधिकृत दर्जा दिला आणि भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची क्षेत्रे ठरविण्याची तरतूद केली. हे स्वागतार्हच आहे. पण त्या क्षेत्रांत तरुण जोडप्याला परवडणारे घर आणि बारमाही काम मिळणार, की किनाऱ्यावरची घरे सुटीपुरत्या येणाऱ्या धनिकांनाच विकली जाणार, याचे उत्तर भाषाविषयक कायद्यात सापडत नाही.