वर्गणी देशाची, दार संस्थेचे

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे ‘एक देश, एक वर्गणी’ या योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा पसारा आहे. पूर्वी प्रत्येक मोठी संस्था किंवा संस्थांचा गट प्रकाशकांशी स्वतंत्रपणे घासाघीस करीत असे आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे सरकारी महाविद्यालय त्या व्यवहारात कुठेच नसे. आता सौदा एक, खरेदीदार केंद्र सरकार आणि अंमलबजावणी गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राकडे, अशी व्यवस्था झाली. इतके शहाणपणाचे निर्णय शिक्षणाच्या क्षेत्रात वारंवार होत नाहीत, म्हणून प्रथम तिचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे.

त्यानंतर मात्र एक साधा हिशेब मांडावा लागतो. केंद्र सरकारच्याच उच्च शिक्षणविषयक अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील विद्यार्थिसंख्या ४.३३ कोटी होती. योजनेचा लाभ १.८ कोटींना, आणि त्यांत अध्यापक व शास्त्रज्ञही आले. देशातील दर चार महाविद्यालयांपैकी तीनहून अधिक खासगी व्यवस्थापनाची आहेत. म्हणजे करदात्यांच्या पैशातून वर्गणी देशाच्या नावाने भरली गेली, पण निम्म्याहून अधिक विद्यार्थी दाराबाहेर राहिले. पुढील टप्प्यांत खासगी संस्थांना आणि त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांमार्फत सर्वांना प्रवेश देण्याचा विचार मांडला गेला आहे. शासकीय योजनांतील ‘पुढील टप्पा’ या शब्दांचे आयुष्य किती असते, हे तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

मी जयपूरच्या शास्त्री नगरात राहतो. या वसाहतीत आणि शहराच्या इतर भागांत गेल्या काही वर्षांत ‘लायब्ररी’ अशी पाटी लावलेल्या अनेक अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. तेथे पुस्तके जवळजवळ नसतात. महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची, एक दिवा, पंखा किंवा वातानुकूलन आणि वायफाय मिळते. आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली तेथे पहाटेपासून बसतात. स्पर्धा परीक्षेबरोबर त्यांतील अनेक जण एम.ए. ‘स्वयंपाठी’ म्हणून करीत असतात. महाराष्ट्रात ज्यांना आपण बहिःस्थ विद्यार्थी म्हणतो, तेच राजस्थानातील हे स्वयंपाठी. परीक्षा विद्यापीठाची, शुल्क विद्यापीठाला, पदवीही विद्यापीठाची. पण वर्ग नाही, शिक्षक नाही आणि ग्रंथालयाचे ओळखपत्रही नाही. अशी विद्यार्थिनी ‘मोफत ई-पुस्तके’ असे शब्द टंकते तेव्हा तिच्यासमोर प्रथम येते ते टेलिग्रामवरील चोरीचे पीडीएफ किंवा एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागणारे प्रकाशकाचे पान. या दोन टोकांच्या मधला जो कायदेशीर आणि विनामूल्य प्रदेश आहे, त्याची वाट तिला कोणी दाखवलेली नसते.

हा प्रदेश बराच विस्तीर्ण आहे. इतिहास हा माझा विषय, म्हणून उदाहरण त्यातलेच घेतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. मग ग्रंथ सर्वांचा होतो. राजस्थानच्या इतिहासाचे भीष्माचार्य गौरीशंकर हीराचंद ओझा १९४७ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २००८ पासून मुक्त आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २०१७ पासून, सर जदुनाथ सरकारांचे २०१९ पासून आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाईंचे २०२० पासून. मात्र येथे एक खाच आहे. सरकारांचा ‘हिस्टरी ऑफ जयपूर’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९८४ मध्ये प्रकाशित झाला. मरणोत्तर प्रकाशित ग्रंथाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. त्यामुळे १९५८ मध्ये निधन पावलेल्या लेखकाचा जयपूरवरील ग्रंथ जयपूरच्या विद्यार्थ्याला मोकळेपणाने मिळण्यासाठी २०४५ उजाडावे लागेल.

जयपूरच्या अठराव्या शतकाचा अभ्यास मराठी कागदांवाचून होतच नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या भावांच्या गादीवरील भांडणात मराठ्यांनी घातलेला हात, डिसेंबर १७५० मधील ईश्वरीसिंहाची आत्महत्या आणि लगोलग जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात झालेली मराठ्यांची कत्तल, ही प्रकरणे समजून घ्यायची तर सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात मुंबई सरकारसाठी संपादित केलेले ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ याचे ४५ खंड हाताशी हवेत. ते आज महाजालावर पाहता येतात. यूजीसीची ‘ई-पीजी पाठशाला’, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे ‘ई-ज्ञानकोश’, पीएच.डी.च्या प्रबंधांचे भांडार ‘शोधगंगा’, राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची ई-पुस्तके: यांतील बहुतेक सर्व कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्क्याविना वाचता येते. ‘जेस्टोर’सारखे परदेशी भांडारही वैयक्तिक खाते उघडणाऱ्यास तीस दिवसांत शंभर लेख पडद्यावर वाचू देते.

असे असूनही विद्यार्थी चोरीच्या पीडीएफकडे वळतो, कारण यांतील एकही भांडार त्याच्या अभ्यासक्रमाच्या भाषेत बोलत नाही. अभ्यासक्रमात संदर्भग्रंथांची यादी असते. त्यातील कोणता ग्रंथ कायद्याने मुक्त आहे आणि तो कोठे आहे, हे तिथे लिहिलेले नसते. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने प्रत्येक ग्रंथासमोर एवढी एक ओळ लिहायचे ठरवले, तर एक पैसाही खर्च न होता हजारोंचा शोध संपेल. त्यासाठी मंत्रिमंडळाच्या मान्यतेचीही गरज नाही.

चालू संशोधनाचा आणि आजच्या पाठ्यपुस्तकांचा प्रश्न याहून कठीण आहे. येथे कायदा आणि बाजार समोरासमोर येतात. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस आणि खुद्द विद्यापीठ यांच्याविरुद्ध दावा लावला. अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांच्या छायाप्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकल्या जात, ही तक्रार होती. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही तथ्ये तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले, पण अध्यापनाच्या ओघात, त्या हेतूसाठी आवश्यक तेवढी नक्कल करणे कलम ५२ खाली वैध आहे, हे तत्त्व कायम ठेवले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. स्वामित्वहक्क हा निसर्गदत्त अधिकार नसून समाजाच्या ज्ञानवृद्धीसाठी कायद्याने निर्माण केलेली सोय आहे, ही त्या निकालामागची भूमिका आजही मोलाची वाटते.

पण ही सवलत ‘शिक्षक’, ‘विद्यार्थी’ आणि ‘अध्यापनाचा ओघ’ या शब्दांभोवती बांधलेली आहे. ज्याला शिक्षकच नाही, त्या स्वयंपाठीने तिचा आधार कसा घ्यावा? दुसरीकडे, एल्सविअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखल केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘साय-हब’ हे संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश दिला. आयुष्यभर कायद्याच्या चौकटीत काम केलेला माणूस म्हणून मी चोरवाटेचे समर्थन करणार नाही. तथापि चोरवाट बंद करणे आणि राजमार्ग खुला करणे ही दोन्ही कामे राज्यसंस्थेचीच आहेत, आणि स्वयंपाठींच्या बाबतीत पहिले झाले असून दुसरे राहिले आहे.

आणखी एक गोष्ट चिंतेची आहे. या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात सरकारी निधीतून भारतीय भाषांतील लाखो ग्रंथांची छायाचित्रे घेतली गेली. कालांतराने ते संकेतस्थळ बंद पडले. ते ग्रंथ आज वाचायला मिळतात ते प्रामुख्याने सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या धर्मादाय संस्थेने त्यांची प्रत ठेवली म्हणून. ऑक्टोबर २०२४ मध्ये या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि तिचे संकेतस्थळ काही दिवस बंद राहिले. त्या दिवसांत आपल्या पैशाने छायांकित झालेले आपलेच ग्रंथ वाचण्याची वाटही बंद होती. ज्या देशाने तक्षशिला आणि नालंदेचे गोडवे गावेत, त्याने आपल्या ग्रंथांची एक प्रत आपल्या घरात धड ठेवू नये, याला काय म्हणावे?

उपाय फार दूरचे नाहीत. ‘एक देश, एक वर्गणी’चे करार २०२७ च्या अखेरीस संपतील आणि नव्या वाटाघाटी सुरू होतील. त्या वेळी सार्वजनिक ग्रंथालयात येऊन बसणाऱ्या कोणत्याही वाचकाला तेथील संगणकावर ही नियतकालिके वाचता येतील, असे एक कलम आग्रहाने घालून घ्यावे. परदेशांतील अनेक विद्यापीठ ग्रंथालयांच्या करारांत आवारात येणाऱ्या बाहेरच्या वाचकासाठी अशी तरतूद असते, त्यामुळे प्रकाशकांना ती अपरिचित नाही. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, राजस्थानने २००६ मध्ये. महाराष्ट्रातील गावोगावची शासनमान्य ग्रंथालये आणि जयपूरचे राधाकृष्णन राज्य केंद्रीय ग्रंथालय ही अशा वाचनासाठी तयार असलेली घरे आहेत. त्यांची सुरुवात निदान जिल्हा ग्रंथालयांपासून करता येईल.

त्याबरोबरच स्वयंपाठी, बहिःस्थ आणि मुक्त विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा नोंदणी क्रमांक हाच सदस्यत्वाचा पुरावा मानावा. सरकारी प्रकाशनांवरही कलम २८ प्रमाणे प्रकाशनापासून साठ वर्षे सरकारचा स्वामित्वहक्क असतो. जनतेच्या पैशाने छापलेली गॅझेटिअर, मंडळांचे ग्रंथ आणि अभिलेखागारांच्या सूची यांवरील हा हक्क सरकारने स्वतःहून सोडावा. त्यात कोणा प्रकाशकाचे नुकसान नाही. बंद पडलेल्या डिजिटल ग्रंथालयातील स्वामित्वहक्कमुक्त ग्रंथांची संपूर्ण प्रत राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात ठेवावी.

प्रकाशक अधिक किंमत मागतील, हा आक्षेप येईल. मागतीलही. परंतु ६,००० कोटींचा ग्राहक हा दुबळा ग्राहक नसतो. विद्यार्थी एवढे वाचतच नाहीत, असाही सूर निघतो. ज्यांना तसे वाटते त्यांनी चोरीच्या पीडीएफची मागणी पाहावी. भूक नसती तर चोरीही झाली नसती.

योजना आखताना लाभार्थी कोण हे बहुधा मोजण्याच्या सोयीवरून ठरते, हे मी फाइलींच्या सहवासात शिकलो. संस्था मोजायला सोपी असते. तिला पत्ता, प्रमुख आणि संकेतांक असतो. महिन्याच्या भाड्याच्या खुर्चीत बसून एम.ए. करणारी मुलगी मोजायला कठीण असते. २०२७ मध्ये नव्या करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने पहिल्या पानावरचा ‘संस्था’ हा शब्द खोडून तेथे ‘वाचक’ असा शब्द लिहिला, तर त्या मुलीचीही गणना होईल.